घरची डाक

४ फेब्रुवारी

ताई,

परवा भेटीच्या जाळीपलीकडून तू काय बोललीस त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. दोन्ही बाजूंनी तीस माणसं एकदम ओरडत असतात. तुझे ओठ हलत होते आणि तू रडत नव्हतीस, एवढंच दिसलं. म्हणून लिहितोय. तुरुंगात आठवड्याला दोन कागद मिळतात, आणि पत्र बाहेर जायच्या आधी एक साहेब ते वाचतो; आत येणारं कोणी उघडत नाही. वाचू दे.

पोलिसांनी तुला सांगितलं ते खरं आहे. मी नाही म्हणत नाही. सोमवारी सकाळी दादा टेम्पो आणि दोन हमाल घेऊन माझ्या कारखान्यावर आला, वाटणीत त्याला गेलेलं कडा घासायचं मशीन उचलायला. मी म्हटलं, तुला लिहिलं होतं ना, महिनाभर हात लावू नकोस, दोनशे आरशांचं काम अंगावर आहे. तो म्हणाला, "तू काही लिहिलेलं नाहीस. बाजूला हो." मी म्हणजे जसं दारातलं पायपुसणं. मी त्याला ढकललं. मागे लाकडी घोडीवर बारा मिलिमीटरच्या काचा उभ्या होत्या. तो त्यांच्यात गेला. तो आवाज तुला वेगळा सांगायला नको, आपण तिघं त्याच आवाजात वाढलो. फक्त या वेळी आवाज थांबल्यावर दादाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा पडला होता, आत काय काय असतं ते सगळं दिसत होतं.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. काचेत पडलेल्या माणसाला मी लाथा घातल्या. किती, ते हमालांनी मोजलं.

आता माझं ऐक. मी दादाला अकरा मेल केले होते. नियम तुझाच: दोघांनी तोंडाने बोलायचं नाही, बोललात की हात उगारता, जे काय असेल ते मेलवर लिहा. मी पाळला. सहा आठवड्यांत अकरा मेल, एकाचंही उत्तर नाही. आणि पहिल्याच तारखेला त्याचा वकील कोर्टात सांगतो, आमच्या अशिलाला एकही मेल आलेला नाही. म्हणजे मी हात तोडणारा तर आहेच, वर खोटारडाही.

माझी डाक तुझ्याच सर्व्हरवरून जाते, आणि तिथे सगळ्याची नोंद राहते असं तूच फुशारकीने सांगायचीस. बघ, आणि एका ओळीत लिही: गेले की नाही. एकोणीसला तारीख आहे. शिक्षा व्हायची तेवढी होऊ दे. मला फक्त त्याच्या तोंडावर म्हणायचंय, की तू वाचलंस आणि तरीही आलास.

दाढ काढलीस की अजून गालावर हात धरून बसतेस?

बारक्या

&nbsp;

९ फेब्रुवारी

बारक्या,

काढली एकदाची. या दंतवैद्याची वेबसाइट माझ्याच सर्व्हरवर आहे, त्यामुळे मी तोंड उघडं टाकून पडलेली असते तेव्हाच त्याला तक्रारी सुचतात. या खेपेची तक्रार अशी: दवाखान्यात आरसे लावायचेत म्हणून दादाच्या दुकानाला दोनदा मेल केला, उत्तर नाही. मी तोंडात कापूस धरून म्हटलं, तो सख्ख्या भावाला उत्तर देत नाही, तुम्ही कोण लागून गेलात.

तू म्हणालास तसं बघितलं. सर्व्हरची एक रोजनिशी असते, कोणाकडून काय आलं, कुठे गेलं, त्याची. अकराच्या अकरा मेल त्यात आहेत. पहिला ३ डिसेंबरचा, शेवटचा त्या सोमवारच्या आदल्या दिवसाचा. प्रत्येकापुढे 'पोचवला' असा शेरा आहे. एकही परत आलेला नाही. तरी खात्री असावी म्हणून मी माझ्या दुसऱ्या, बाहेरच्या पत्त्यावरून दादाला एक साधा मेल टाकला. वहिनीने फोनवर सांगितलं, आला. म्हणजे त्याची डाक चालू आहे आणि तुझीही. बिघाड कुठेच नाही.

हे लिहिताना मला दादाचा राग आला. लपवत नाही.

पण काल मी त्याच्याकडे हॉस्पिटलमध्ये होते. हाताचे तीन स्नायुबंध तुटलेत. जोडलेत, पण बोटं मिटत नाहीत. डॉक्टरांनी त्याच्या तळहातावर कापसाचा बोळा ठेवला आणि धरा म्हणाले. पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. दोन बरगड्याही मोडल्यात, त्या तुझ्या बुटाच्या. ज्या हाताने तो डोळे मिटून सरळ रेघेत काच कापायचा, त्या हाताला कापूस धरवत नाही.

तुला आठवतं का, तू सात वर्षांचा असताना दुकानातला उभा आरसा फोडलास. अप्पा लाकडी गज घेऊन आले. दादा म्हणाला, मी फोडला. अप्पांनी तो गज त्याच्या पाठीवर मोडला, अगदी दोन तुकडे झाले. मग तू धावत जाऊन अप्पांच्या दंडाला चावलास, आणि उरलेला अर्धा गज तुझ्यावर. मी कापायच्या टेबलाखाली होते. ते माझे मामा, पण तुमच्यासारखी मीही त्यांना अप्पाच म्हणायची, आणि तुमच्यासारखीच भ्यायची. फक्त मार मला कधी बसला नाही. माझ्या वाटचा तुम्ही दोघांनी वाटून घेतलात.

एकोणीसला त्याला काही बोलू नकोस. मान खाली घालून उभा राहा. माझ्यासाठी.

ताई

&nbsp;

२३ फेब्रुवारी

ताई,

ऐकलं असशीलच. तरी माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. कोर्टाच्या लांब पॅसेजमध्ये आम्हाला बाकावर बसवलं होतं, आणि दादा समोरून आला, हात गळ्यात अडकवलेला. मी उठून पत्र त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, "वाच. ताईने लिहिलंय. अकराच्या अकरा पोचलेत." त्याने बघितलंही नाही. म्हणाला, "दार तू लावून घेतलंस आणि मलाच विचारतोस?" उलट्या बोंबा किती माराव्यात माणसाने.

मला बेड्या होत्या. दोन्ही हात एकत्र वर नेले आणि खाली आणले. जबड्यावर बसल्या. लाकडाची पेटी आदळावी तसा आवाज आला. तो खाली बसला आणि त्याने तोंडातून काहीतरी ओंजळीत काढून बघितलं. एकाच हाताची ओंजळ. मग मला बाजूला ओढलं.

परत आल्यावर मी इथल्या जिन्यावरून पडलो. असंच लिहिलं पाहिजे, नाहीतर हा कागद बाहेर जायचा नाही. बारा पायऱ्यांचा जिना आहे आणि सगळ्या पायऱ्यांनी बूट घातले होते. दोन दात गेले. डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. लघवी लाल होती, आता गुलाबी आहे. तुझ्या दंतवैद्याला म्हणावं, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त चार-पाच वर्षं थांबावं लागेल.

मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं, म्हणून तीन दिवस वाट बघितली. पुढची तारीख एकवीस मार्च.

बारक्या

&nbsp;

२८ फेब्रुवारी

बारक्या,

जाडा स्वेटर आणि साबणाच्या चार वड्या पाठवल्यात. स्वेटर देतील असं फाटकावरच्या बाई म्हणाल्या. कानाचं तिथल्या डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नकोस.

दादाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तारेने बांधलाय, सहा आठवडे नळीतून पातळ अन्न. बोलता येत नाही, म्हणून वहिनीने त्याला पाटी आणून दिलीय. त्याने डाव्या हाताने माझ्यासाठी लिहिलं, "एकही आला नाही. मीच लिहिले. परत आले." मग पुसलं.

मी सर्व्हर पुन्हा तपासतेय. काही गोष्टी पहिल्यांदा नीट बघितल्या नव्हत्या असं वाटतं. पूर्ण कळल्याशिवाय काही लिहिणार नाही. तोवर एवढं ऐक, दादा खोटं बोलतोय असं धरून चालू नकोस. मी लिहिलं होतं ते घाईने लिहिलं असेल.

इकडे बाकी ठीक. डोकं थोडं दुखतं.

ताई

&nbsp;

५ मार्च

ताई,

तुझं पत्र चारदा वाचलं. एवढं गुळमुळीत पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील. "घाईने लिहिलं असेल." तू आणि घाई? तू दुधाचा हिशेबही दोनदा तपासतेस.

मला कळलं काय झालं ते. तू त्याच्या खाटेशी बसलीस, त्याने पाटीवर चार शब्द लिहिले आणि तू विरघळलीस. त्याने मार खाल्ला की तो तुझा, मी मार खाल्ला की मी जिन्यावरून पडलो. लहानपणापासून हेच. आता तू कोर्टात सांगशील की सर्व्हर बिघडला होता, म्हणजे त्याचं खोटं झाकलं जाईल. झाक. मला आता साक्षीदार नको.

साबण मिळाला. स्वेटर मिळाला नाही, कोणाच्या तरी अंगात बसला असेल.

इथल्या न्हाणीघराला एक खिडकी आहे. चार मिलिमीटरची काच, जुनी, हिरवट. कोपऱ्यात तडा गेलेला होता. आता तिथून वारा येतो. अप्पा म्हणायचे, कड काढायला ताकद लागत नाही, पाणी आणि धीर लागतो. इथली फरशी चांगली खरखरीत आहे, पाणी आहे, आणि धीर म्हणशील तर मला दुसरं काम काय.

एकवीसला दादा त्याच पॅसेजमधून येईल ना? तेवढंच कळव.

बारक्या

&nbsp;

१० मार्च

बारक्या,

हे पत्र मी दहा दिवसांपूर्वी लिहायला हवं होतं. ते न लिहिता तुला साबण पाठवला.

दादाने तुझा एकही मेल वाचला नाही. त्याच्यापर्यंत एकही पोचला नाही. आणि ते माझ्यामुळे.

नीट सांगते, कारण तुला नीटच कळलं पाहिजे. माझा सर्व्हर म्हणजे एक इमारत समज, तिच्यात बेचाळीस बिऱ्हाडं. दंतवैद्य, नृत्याचा वर्ग, कुत्री शिकवणारा तो गृहस्थ, तू, दादा. प्रत्येकाचं एक डोमेन, म्हणजे नाव. आणि डीएनएस म्हणजे जगासाठी लावलेली पाटी: या नावाची डाक अमुक ठिकाणी टाका. नोव्हेंबरमध्ये तुमची वाटणी झाली. अप्पांच्या दुकानाचं जुनं डोमेन दादाने घेतलं, तू नवं घेतलंस. दादाला डाक दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे हवी होती, वेबसाइट मात्र माझ्याकडेच. मी पाटी बदलली. सगळ्या जगाने नवी पाटी वाचली आणि दादाची डाक नव्या ठिकाणी जायला लागली. म्हणून माझा बाहेरचा मेल पोचला. म्हणून गिऱ्हाइकांचे पोचत होते.

फक्त एकाने पाटी वाचली नाही. माझ्याच सर्व्हरने. घरातल्या माणसाची खोली कुठली ते बघायला कोणी दारावरची पाटी वाचायला जातं का? तुझा मेल निघाला, सर्व्हर म्हणाला, अरे हा तर आपल्याच दादाला, आणि त्याने तो दादाच्या जुन्या, रिकाम्या खोलीत नेऊन ठेवला. आणि रोजनिशीत लिहिलं, पोचवला. मी तो शेरा वाचला, कुठे पोचवला ते वाचलं नाही. दंतवैद्याचे दोन मेलही त्याच खोलीत पडलेले सापडले. त्याने मला माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मी विनोद केला.

हे टाळायला एक खूण बदलावी लागते. 'या डोमेनची डाक इथेच' याच्या जागी 'बाहेर'. एक खूण, बारक्या.

दादाचं उलटं. तो बाहेरच्या कंपनीकडून तुला लिहायचा, आणि माझा सर्व्हर म्हणायचा, हा तर घरातलाच माणूस, हा बाहेरून कसा येईल, हा कोणीतरी तोतया आहे. आणि दारातून परत. तीन वेळा. दादाला दर वेळी सूचना गेली, 'तुमचा मेल स्वीकारला गेला नाही.' त्याला वाटलं, तू त्याचं दार लावून घेतलंस. पॅसेजमध्ये तो तेच म्हणाला होता.

ती खूण राहिली कशी, ते तुलाही माहीत आहे. ते काम मी माझ्या टेबलावर करत होते आणि तुम्ही दोघं पाठीमागे उभे होतात. तू म्हणालास, "बाप काय तुझ्या एकट्याचा होता?" दादाने तुझी मान धरली आणि तुझं तोंड माझ्या स्क्रीनवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. स्क्रीन फुटली, तुझं कपाळ फुटलं, कीबोर्डच्या फटींत रक्त गेलं. मी उठले. ओढणी तुझ्या कपाळाला लावली, दादाला दाराबाहेर ढकललं, तुला टाके घालायला नेलं. आणि त्या आठवड्यात तुम्हाला तो नियम घालून दिला, बोलू नका, लिहा. नवी स्क्रीन आली, मी बसले. ते काम झालंय असंच मला वाटलं. मी तुमची तोंडं बंद केली आणि लिहायची वाटही.

सव्वीस फेब्रुवारीला मला हे सापडलं. अठ्ठावीसला तुला पत्र लिहिलं आणि लिहिलं नाही. मी माराला भ्याले नव्हते. तुम्हा दोघांवाचून मला कोणी नाही, आणि हे सांगितलं की तुम्ही दोघंही जाल, असं वाटलं. मी अजून टेबलाखालीच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परवा तुझे अकरा मेल छापून दादाकडे नेले. सगळं सांगितलं. त्याने उशाचा स्टीलचा पेला डाव्या हाताने फेकला. माझ्या भुवईवर लागला, चार टाके पडले. मग बराच वेळ त्याचा श्वास तारेतून शिट्टीसारखा येत-जात राहिला. मग त्याने कागदांसाठी हात पुढे केला.

तुझा सातवा मेल मी पाठ केलाय. "दादा, मशीन तुझंच आहे, ने. फक्त आरसे होऊ देत. नाहीतर असं कर, तूच ये, दोघं मिळून आठ दिवसांत उरकू." आणि त्याचा तिसरा, जो परत आला, तो त्याने मला त्याच्या फोनवर दाखवला. "सोमवारी मशीन न्यायला येतोय. मी यायला नको असेल तर नको म्हण. मी येणार नाही."

एकवीसला मी हे सगळं कोर्टात सांगणार आहे. त्याने तुझी शिक्षा फारशी कमी होणार नाही, वकिलाला विचारलं.

आणि हो, दादा त्याच पॅसेजमधून येईल. तू कड घासतोयस ते मला कळलंय. मला अप्पांनी तेवढं शिकवलंय. तिथल्या साहेबांना सांगावं असं दोनदा मनात आलं, पण तुझा जिना आठवला. मी दादाच्या शेजारी उभी राहीन. ती काच कोणासाठी असेलच तर माझ्यासाठी आहे. ओळखायला सोपं जाईल, भुवईवर टाके आहेत.

ताई

&nbsp;

१४ मार्च

बारक्या,

डाव्या हाताने लिहितोय. बालवाडीतलं अक्षर आलंय, हसू नकोस. जबड्याला तार आहे, त्यामुळे ताईचा न बोलायचा नियम आपोआप पाळला जातो.

अकरा वाचले. सातवा दोनदा.

ताईला मी पेला फेकून मारला. तिला अप्पांनीही कधी हात लावला नव्हता. मार न खाल्लेली घरात ती एकटी उरली होती, तिलाही मी सोडलं नाही. ती रक्त पुसत म्हणाली, "आता वाच." तेव्हा मला माझीच लाज वाटली. इतकी लाज तू माझा हात कापलास तेव्हा तुला वाटली का, ते माहीत नाही.

एक गोष्ट समजून घे. चूक ताईची, एका खुणेची. माझा हात त्या खुणेने गेला नाही. तुझं डोकं मी आपटलं. मला काचेत तू ढकललंस, आणि पडल्यावर लाथा तू घातल्यास. हे कुठल्याही सर्व्हरने केलेलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून सगळी माणसं एकमेकांना मारत सुटत नाहीत. आपण सुटलो. आपल्याला निमित्त पुरतं.

तुला माफ केलेलं नाही. करीन असं वाटत नाही. पाठीवरचा गज मी तुझ्यासाठी खाल्ला होता, त्याची आठवण देत नाहीये, फक्त आता पाठ उरली नाही एवढंच.

मशीन तुझ्याच कारखान्यात आहे. घासायचं चाक कोरडं पडलंय. हमालांना सांगून झाकून ठेवलंय. आरसे दुसऱ्याकडून करून घेतले, त्या गिऱ्हाइकाने तुला शिव्या घातल्या, त्या मी ऐकून घेतल्या.

तू काय घासतोयस ते ताईने मला सांगितलं. पोलीस एकवीसला मला मागच्या दाराने न्यायला तयार आहेत. मी होही म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुझ्यावर ठेवतो. हे पत्र ताई स्वतः फाटकावर आणून देईल, म्हणजे कुठल्या खोलीत पडून राहायला नको.

मी यायला नको असेल तर नको म्हण.

दादा

&nbsp;

२३ मार्च

ताई,

साडेचार वर्षं. तू तिथेच होतीस, तुला सांगायला नको. तू साक्ष देताना तो न्यायाधीश तुला म्हणाला, "बाई, ही डीएनएस काय भानगड आहे, मराठीत सांगा," आणि तू म्हणालीस, "पाटी, साहेब." सगळे हसले. दादाही हसायला गेला आणि तार टोचली. मी ते बघितलं. तो समोरच्या दारानेच आला होता, कारण मी उत्तर दिलं होतं. "ये," एवढंच. इथल्या साहेबाने त्या एका शब्दावरही शिक्का मारला.

पॅसेजमध्ये आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. दोघांनी तुझ्या भुवईकडे बघितलं.

आता तुला माहीत नाही ते सांगतो; हे पत्र साहेबाकडून जाणार नाही, उद्या सुटणाऱ्या एकाच्या खिशातून येईल. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वेडा झालो. दादावरचा सगळा राग तुझ्यावर आला. तू समोर असतीस तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही, लिहिलं तर खरं होईल. मी हात भिंतीवर मारत राहिलो, दोन बोटं सुजली. मग तीन दिवस मी ती काच आणखी घासली. तुझ्यासाठी. हे तुला कळलंच पाहिजे, कारण आता लपवालपवी नको.

मग दादाचं पत्र आलं. वाकडंतिकडं, ओळ खाली उतरत गेलेली. त्याच्या हातची रेघ आपण बघितलीय ना. पाच फुटांची काच, एक झटका, केसाएवढाही फरक नाही. त्या माणसाचं 'बारक्या' दोन ओळींत पसरलेलं. मी तो एकच शब्द बघत बसलो. मी काय केलं ते मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं, ताई. रक्त दिसलं होतं, हाड दिसलं होतं. हे नव्हतं दिसलं.

"असू दे ताई" असं लिहायला घेतलं आणि खोडलं, वर दिसत असेल. असू दे असं नाहीये. बारा दिवस तुला माहीत होतं आणि मी इथे कड काढत होतो. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचत नाही. सुचलं की लिहीन. साडेचार वर्षं म्हणजे पुष्कळ कागद.

सोबत दादासाठी वेगळा कागद आहे. तू वाचू नकोस, नुसता नेऊन दे. हाताने. तुझ्या सर्व्हरवर माझा विश्वास बसायला अजून वेळ लागेल. ती खूण बदललीस ना? उद्या पुन्हा एकदा बघ.

आणि काच. वीस तारखेला, अंघोळीच्या वेळी, मी ती खिडकीत परत बसवली. एक कड मीच घासून बसलो होतो, त्यामुळे तिथे दोन सूत फट राहते. काच काही वाढत नाही. मग साबण भिजवून, मळून, काचेच्या कडेला भरतात त्या लांबीसारखा भरला, अंगठ्याने ओढून घेतला. अप्पांनी बघितलं असतं तर गज घेऊन आले असते, इतकं गचाळ काम. पाऊस लागला की धुऊन जाईल, पुन्हा भरावा लागेल.

चारही वड्या त्यात गेल्या. आणखी पाठव. सध्या वारा येत नाही.

बारक्या